ऐनांवरचा रस्ता

शेकरू दाखवायचं तर पोरांना उपाशी न्यायचं, हा नियम मी बाराव्या वर्षी केला आणि तो आजही बदलायला तयार नाही. पोट भरलेलं पोर बडबडतं, नाचतं, दगड उचलतं. उपाशी पोर गप्प बसतं, कारण हे काम लवकर उरकलं तर भाकर लवकर मिळेल एवढा हिशेब त्याला कळतो. आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेला, भीमाशंकरच्या अलीकडच्या डोंगरात आमची बारा-तेरा घरांची वाडी होती. थंडी सरत आली की मोठी माणसं उजाडताच कोयते घेऊन रानात जात, आणि वाडीतली बारकी पोरं माझ्या गळ्यात पडत. मला शाळेतून काढलं होतं ते त्यासाठीच. पोरं एकूण सहा. त्यातल्या दोघांची नावं इथे पुरेशी आहेत: माझ्या चुलत्यांची शेंडेफळ सुमी, वय चार, आणि शेजारचा धोंडू, तिच्याहून वर्षाने मोठा आणि शहाणपणाने लहान.

आमचं आणि चुलत्यांचं घर एकाच ओट्यावर, मध्ये कुडाची भिंत. चुलत्यांना सगळे नाना म्हणत. माझे वडील, म्हणजे दादा, फारसे बोलत नसत. त्यांच्या वाटणीचं बोलणंही नानांनीच घेऊन टाकलं होतं. पहाटे भिंतीच्या दोन्ही बाजूंना दोन जाती फिरत. काकूचं जातं जड घरघरे, आईच्या जात्याचा खुंटा सैल असल्यामुळे दर फेऱ्याला टक्क वाजे, आणि त्या आवाजावर मी अर्धी जागी, अर्धी झोपेत पडून राही. मग नाचणीच्या भाकरीचा वास, उडदाच्या घुट्याला दिलेली लसणाची फोडणी, एखाद्या दिवशी दादांनी ओढ्यातून आणलेले खेकडे निखाऱ्यावर चरचरत. आता माझ्या घरी, अवसरीला, गॅसच्या दोन शेगड्या आहेत आणि सुना हुशार आहेत, पण खेकडा निखाऱ्यावर टाकायचा असतो हे त्यांना पटत नाही. असो. पाणी मात्र खालच्या झऱ्यावरून आणावं लागे. हंडा रिकामा असताना वाट उताराची आणि भरल्यावर चढाची.

घरामागच्या उतारावर नानांची सात ऐनाची झाडं एका रांगेत होती. रांगेच्या आमच्याकडच्या टोकाला एक जुनी जांभळ, पलीकडच्या टोकाला ओढा, आणि ओढ्यापलीकडे देवराई. देवराईतली वाळकी काडीसुद्धा कोणी चुलीसाठी आणत नसे, त्यामुळे तिथली झाडं आभाळात एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभी असत. आमच्या शेकरीचं, म्हणजे शेकरूच्या मादीचं, खाणं तिथे होतं, उंबरं, साली, वेलींच्या शेंगा. पण राहायला तिने जांभळ निवडली होती. का, ते तिलाच ठाऊक. मांजराएवढं अंग, अंगाहून लांब झुपकेदार शेपूट, पाठ विटेसारखी तांबडी आणि पोट दुधाच्या सायीच्या रंगाचं. नवीन पोराला पहिल्यांदा दाखवताना मी झाडाकडे बोट करायचे नाही. मी म्हणायचे, पान हललं तर सांग. मग पोर आपणहून शोधी, आणि ज्याने आपणहून शोधलं ते कधी दगड मारत नाही.

मी त्यांना जे सांगे ते सगळं बघून शिकलेलं होतं. शेकरीचं घर एक नसतं, पाच-सहा असतात. काटक्या आणि हिरवी पानं गुंफून केलेला मोठा गोळा, तोही अशा ठिकाणी की दोन-तीन फांद्या एकमेकींत शिरलेल्या असाव्यात. एकात ती झोपते, एकात पिल्लं ठेवते, बाकीची अडीअडचणीला. यावर धोंडूने विचारलं होतं, की एवढी घरं ती झाडते कवा. ती मागच्या पायांनी फांदीला उलटी लटकून दोन्ही हातांनी फळ धरून खाते, आणि शेपूट फांदीच्या दुसऱ्या अंगाला वजनासारखं सोडते, म्हणून पडत नाही. दुपारी उन्हाच्या वेळी फांदीवर ओलं फडकं वाळत घातल्यासारखी पसरते. घारीची सावली फिरली की ओरडते, चक-चक-चक-चक, कोणी रिकामा डबा काठीने बडवावा तशी. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे ती जमिनीवर पाय ठेवत नाही. झाडावरून झाडावर, फांदीवरून फांदीवर, सगळा संसार वरच्या वर. हे ऐकून धोंडू म्हणाला, "मंग तिला पाय धुवायला लागत न्हाईत."

त्यावरून पोरांनी खेळ काढला. अंगणात दगड, लाकडाचा ओंडका, उलटी पाटी, पोतं असं अंतराअंतरावर मांडायचं आणि ओट्यापासून उखळापर्यंत त्यांच्यावरूनच जायचं. ज्याचा पाय मातीला लागला तो बाद. सुमी या खेळात इतकी कडक होती की मोठी माणसं अंगणातून चालत गेली तरी ती त्यांना बाद करी. नाना संध्याकाळी रानातून येत आणि ओट्याखालीच बाद होत. त्यांना ते आवडे. मग एका सकाळी जांभळीवरच्या घरट्याच्या तोंडाशी दोन बारकी डोकी दिसली. सहाच्या सहा पोरांनी तोंडावर हात दाबले. कोणी ओरडलं नाही. परत येताना मात्र उतारावरून घरापर्यंत सगळी बोंबलत पळाली, आणि त्यांच्या पुढे मी.

आमच्याकडे भात-नाचणीची रोपं करायच्या आधी रोपांची जमीन भाजावी लागते. त्यासाठी झाडांच्या फांद्या तोडून, भारे बांधून, वाळवून ठेवतात. त्याला राब म्हणतात. शिमग्याच्या आधी तोड उरकायची असते. नानांनी दूरचं रान संपवलं होतं आणि घरामागचा उतार राहिला होता. संध्याकाळी ते ओट्यावर कोयत्याला धार लावत बसले तेव्हा मी समोर जाऊन उभी राहिले.

"नाना, जांभळीला कोयता लावू नका."

"का गं?"

"शेकरीची पिल्लं हायेत वर."

"पिल्लं तिची, राब माझा," नाना म्हणाले आणि धार लावत राहिले.

मी म्हणाले, तुमच्या घरचं पाणी मी आणीन. मिरगापर्यंत. काकूचे गुडघे दुखत होते हे मला माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे नानांना माहीत होतं. त्यांनी विचारलं सकाळचं का दोन्ही वेळचं. मी सकाळचं म्हणाले. ते हसले आणि पुन्हा दगडावर पाणी टाकलं. शेवटी दोन्ही वेळचं ठरलं, पण जांभळीला कोयताच काय, हातही लावायचा नाही. नानांनी माझ्या हातावर हात मारला. "शब्द," ते म्हणाले. मी बारा वर्षांची होते आणि वाडीत ज्यांच्यापुढे कोणी तोंड उघडत नसे त्यांच्याकडून मी एक अख्खं झाड सोडवून आणलं होतं. त्या रात्री मला दोन भाकरी जास्त गेल्या.

पुढचे चार दिवस मी झऱ्याच्या वाटेवरच होते. आमचं पाणी, नानांचं पाणी, सकाळी, संध्याकाळी. उतारावर ठक-ठक ऐकू येत होतं, पण शब्द झाला होता, त्यामुळे मी मान वर करून पाहिलंही नाही. पाचव्या दिवशी हंडा घेऊन चढून आले तर वाटेवर सुमी उभी. तिने माझा परकर धरला.

"ताई, शेकरी आता कुठनं जाणार? खाली पाय लावला तर ती बाद."

मी वर पाहिलं. जांभळ जशीच्या तशी होती, एक पान कमी झालेलं नव्हतं. आणि तिच्यापुढे सात ऐन नुसते खांबासारखे उभे होते. फांदी एकाला नाही. ओढ्यापर्यंत सगळं मोकळं आभाळ. मी झाड मागितलं होतं. रस्ता मागायचा असतो हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं, आणि पोरांना तर ते मीच शिकवलेलं होतं. राब तोडणाऱ्या घरात जन्मलेल्या माणसाला झाड दिसतं ते भाऱ्यांत दिसतं. दोन झाडांच्या मधलं दिसत नाही.

नाना ओट्यावर बसले होते. मी डोक्यावरचा भरलेला हंडा उतरवला आणि त्यांच्यासमोर अंगणात पालथा केला. पाणी त्यांच्या वहाणांखालून वाहत गेलं. घरात भाकर थापणारा काकूचा हात थांबल्याचं मला कळलं.

नाना चिडले नाहीत. तेच मला जास्त लागलं. त्यांनी शांतपणे विचारलं, शब्द मोडला का? मी म्हणाले, नाही. जांभळीचं पान तरी तुटलं का? नाही.

"मंग? तू जांभळ मागितलीस, दिली. ऐनाचं कवा बोललीस?"

मंचरच्या बाजारात माझा बटाट्याचा गाळा आहे. तो मी उभा केला, कोणाच्या वशिल्याने नाही. तिथे लोक म्हणतात, हौसाबाईंशी सौदा करायचा तर डबा घेऊन जावं, कारण ती बाई गोणी कोणी उचलायची, सुतळी कोणाची आणि पाऊस आला तर ताडपत्री कोण टाकणार इथपर्यंत बोलून घेते. घेते. ते मला कुठे शिकवलं गेलं ते आता वाचणाऱ्यांना कळलं असेल. आणि एवढं लिहिलंच आहे तर हेही लिहून टाकते. काही वर्षांमागे वाडीच्या वाटेवर शेकरूच्या माहितीचा मोठा फलक लागला, कार्यक्रम झाला, आणि शेकरू वाचवल्याबद्दल शाल-नारळ दिला गेला नानांना. फलकावर त्यांचा फोटो आहे, फेट्यातला. मला निरोपसुद्धा नव्हता. माझी नात म्हणते, आजी, सोड आता, ते किती म्हातारे झालेत. म्हातारी मीही झाले आहे. मी सोडणार नाही. त्या फोटोत त्यांच्या मागे ऐनाची रांग दिसते, सगळ्या फांद्यांसकट, आणि ती बघून माझं डोकं नव्याने तापतं.

तर, मी पाणी बंद केलं. बोलीप्रमाणे ते चूक होतं, मला मान्य आहे. दुसऱ्या दिवशी काकूने रिकामी घागर नानांच्या पुढ्यात ठेवली. "बोली तुमची, पाणीबी तुमचंच. आणा जावा." आणि नाना, ज्यांनी लग्नानंतर झऱ्याची वाट तुडवली नव्हती, खांद्यावर घागर घेऊन निघाले. वाडीतल्या बायका आपापल्या दारात आल्या. एक म्हणाली, पावणं, चुंबळ देऊ का डोक्यावर ठेवायला.

इकडे जांभळीवर काही हसण्यासारखं नव्हतं. शेकरी फांदीच्या टोकापर्यंत येई, मान लांब करी, पहिल्या भुंड्या ऐनाकडे बघत अंग गोळा करी आणि मागे फिरे. जांभळीची साल ओरबाडून खाई. दोन पिल्लांना पाजायचं तर सालीवर किती दिवस? दुसऱ्या संध्याकाळी ती खोडावरून डोकं खाली करून उतरू लागली. थांबत थांबत, जमिनीपासून हातभर राहिली, आणि वाडीतली दोन कुत्री धावली. ती वर गेली ती दिसेनाशी झाली. पोरं रडायला लागली. मी त्यांना काय सांगणार होते? मी मोठी शहाणी, सगळं माहीत असलेली ताई.

तिसऱ्या दिवशी सुमी उखळावर चढून बसली. खेळातला शेवटचा टप्पा म्हणजे उखळ. मधले दगड, पोतं, ओंडका तिने पोरांकडून उचलवून घेतले होते. भाकरीची वेळ झाली, काकूने हाक मारली, सुमी उतरेना. नाना अंगणात आले.

"उतर."

"मी बाद हुईन."

"नाय होत. उतर."

"रस्ता कुठंय? तुमी तोडला."

नाना तिला उचलायला पुढे झाले तर तिने मुसळ कवटाळलं. ते चार वर्षांच्या पोरीसमोर हात खाली सोडून उभे राहिले. मग वैतागून, पण मला ऐकू जाईल असं म्हणाले, "तोडलेल्या फांद्या परत चिकटवू का काय आता?"

"चिकटवा," सुमी म्हणाली.

तेवढ्यात आमच्या दारातून दादा बाहेर आले. त्यांच्या खांद्यावर घायपाताच्या वाखाचा लांब दोर होता. ते कोणाशी बोलले नाहीत. उतारावर जाऊन त्यांनी राबाचा पहिला भारा सोडला आणि मग नानांकडे वळून म्हणाले, "हौशीचं बरोबर हाय." दादांनी माझ्या बाजूने, माझ्यासमोर, उभ्या आयुष्यात उच्चारलेली वाक्यं तीनच असतील. हे त्यातलं पहिलं.

या वेळी मी बोली करताना बसून केली नाही. नानांना घेऊन एकेका ऐनापाशी गेले आणि खोडावर हात ठेवून सांगितलं. ह्याला दोन भारे, जांभळीकडच्या अंगाला. ह्या दोघांच्या मधे बांबू. बांबूला फांद्या बांधायच्या, पान वरच्या बाजूला. सातव्यापासून ओढ्यापलीकडच्या उंबरापर्यंत दोर, दुहेरी. देवराईतलं काही तोडायचं नाही, नुसती गाठ मारायची. कुत्री बांधून ठेवायची. आणि शेकरी पिल्लं घेऊन जाईपर्यंत काहीच सोडायचं नाही. नाना प्रत्येक झाडाशी "बरं" म्हणत होते. सातव्याला म्हणाले, "अजून काय ऱ्हायलं का वकिलीणबाई?"

तो दिवस आमच्या वाडीत लग्नासारखा गेला. दोघे भाऊ झाडावर, आम्ही खालून फांद्या देत होतो. स्वतः तोडलेल्या फांद्या माणूस परत झाडाला बांधतोय हे बघायला रानात गेलेले लोक काम टाकून आले. कोणी विचारलं, राव, लगीन कुणाचं, मांडव लई उंच घातलाय. कोणी म्हणालं, नाना, पानंबी एक एक करून लावा. नाना वरून शिव्या देत होते आणि हसत होते. काकूने सगळ्यांसाठी हुलग्याचं माडगं केलं, आणि ते मी आणलेल्या पाण्यात केलं, कारण त्या दिवशी कोणी न सांगता मी आठ खेपा घातल्या.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत अख्खी वाडी उताराच्या कडेला बसली होती. मोठ्या माणसांनाही मी बोलू दिलं नाही. ऊन जांभळीच्या शेंड्यावर आलं तशी ती बाहेर आली. फांदीच्या टोकाशी गेली, बांधलेल्या फांदीला हात लावला, वाळकी पानं कुरकुरली आणि ती झपकन मागे गेली. असं तीन वेळा झालं. चौथ्या वेळी उडी मारली. बांबू वाकला, पण टिकला. एक ऐन, दुसरा, तिसरा, मग ती धावायलाच लागली, दोरावरून शेपूट डोलवत उंबरात शिरली आणि दिसेनाशी झाली. तोंड रिकामं होतं. पिल्लं मागे होती. आम्ही बसून राहिलो. ऊन खोडापर्यंत उतरलं. कोणीतरी हळूच म्हणालं, भुकेली व्हती, गेली. सुमीने त्या माणसाकडे वळून डोळे वटारले.

ती आली. सरळ घरट्यात शिरली आणि बाहेर आली तेव्हा तोंडात पिल्लू होतं, पोटाला धरलेलं, आणि पिल्लाने हातपाय तिच्या मानेभोवती मफलरसारखे गुंडाळले होते. पलीकडे पोचवून परत आली, दुसरं नेलं. धोंडू दोन बोटं वर करून मला दाखवत होता. लोक उठून अंग मोडायला लागले, कोणी बिडी शोधायला लागलं, आणि सुमीने पुन्हा सगळ्यांना खाली बसवलं. कारण बांबू पुन्हा हलत होता. ती तिसऱ्यांदा येत होती.

घरट्यात गेली. पानं हलली. रिकाम्या तोंडाने बाहेर आली आणि काठावर बसून राहिली.

"आता काय न्यायचं ऱ्हायलं तिचं?" नाना माझ्या कानाशी कुजबुजले.

उत्तर सुमीने दिलं. "काय न्हाई. बघून जाती."

शेकरी उठली आणि सातही ऐनांवरून या वेळी घाई न करता गेली. ती उंबरात शिरल्यावर नाना उभे राहिले. त्यांच्या नाचणीच्या रोपांचा निम्मा राब आभाळात बांधलेला होता आणि वाळत होता. मग पहिल्यांदाच, मोठ्या माणसाला विचारावं तसं त्यांनी मला विचारलं, "पिल्लं तर गेली. आता सोडू का फांद्या?"

"नको," मी म्हणाले. "घर बघून गेली म्हंजी परत येणार."

"किती दिस ठेवायच्या?"

"ते तिला ठरवू द्या."

नानांनी घासाघीस केली नाही.